नांगर जाळायचा, पण कुणाचा?

आदरणीय बाई, सप्रेम जय ख्रिस्त.
मी 47 वर्षांचा आहे. पुण्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत 22 वर्षं नोकरी झाली, सध्या मॅनेजर आहे. स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज फिटलंय, गाडी आहे. पत्नी शाळेत शिक्षिका. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. आई 76 वर्षांची, आमच्याकडेच असते. बारा वर्षांपूर्वी एका उज्जीवन सभेत (श्रद्धा नव्यानं जागवणाऱ्या प्रार्थनासभेत) 'प्रभूला आयुष्य कोण देणार?' असं विचारल्यावर मी उभा राहिलो. तेव्हापासून पाचारण, म्हणजे देवानं आपल्या सेवेला बोलावल्याची जाणीव, मनात आहे. मागच्या महिन्यात माझ्याच वयाच्या मित्राच्या दफनविधीला गेलो आणि वाटलं, आता नाही तर कधी? नोकरी सोडून पाळकाचं (चर्चच्या धर्मगुरूचं) शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत जायचं आणि नंतर खेड्यातल्या एखाद्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, सेवा करायची, असं ठरवलं आहे. पत्नीला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. एवढंच म्हणाली, "तुम्ही जा. मी मुलांना आणि आईंना घेऊन इथेच राहते." बाई, माझं हे सुखवस्तू जगणं हेच माझं पाप आहे का? आणि देवाच्या कामात माझी पत्नीच अडथळा ठरत असेल तर मी काय करावं?
– एक बंधू, पुणे

प्रिय बंधू,

सप्रेम जय ख्रिस्त. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फक्त तुमच्या पत्नीच्या वाक्यापाशी थांबले.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलते आहे ते तुम्हाला कळेल. मी 31 वर्षं पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको, होते. आमच्या ह्यांच्या सात बदल्या झाल्या. त्यातली एक सोडून सगळी खेडी. लग्न झालं तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. पगार माझ्या नावावर होता, सायकल माझ्या नावावर होती. एका संध्याकाळी हे घरी आले आणि म्हणाले, "मी देवाला होकार दिला." मी म्हटलं, "बरं." मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. हा फरक उमजायला मला तीन वर्षं लागली, आणि ती तीन वर्षं मी गळक्या पत्र्याखाली पातेली मांडत ह्यांच्यावर मनातल्या मनात धुसफुसत काढली. सभेत मात्र साक्ष द्यायला मला पुढं उभं करत. "पतीबरोबर सर्व काही सोडलेली भगिनी." सोडलं होतं की सुटलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिला तसा सोपा आहे.

तुमची पत्नी 'नाही' म्हणालेली नाही. परत वाचा. "तुम्ही जा" हे तिचं पहिलं वाक्य आहे. दोन मुलं, सासू, घर आणि स्वतःची शाळा एकटीनं ओढायची तयारी तिनं भांडी घासता घासता दाखवली. त्याला तुम्ही अडथळा म्हणता? तुमचं अजून काहीच सुटलेलं नाही, फ्लॅटही नाही आणि गाडीही नाही. त्या घरात आतापर्यंत काही देऊ केलं असेल तर ते तिनं. आता ती हे मनापासून म्हणाली, दमून म्हणाली की रागानं म्हणाली, ते मला इथं बसून सांगता येणार नाही. तुम्हालाही येत नाही, कारण तुम्ही तिला विचारलेलं नाही. विचारा. "तुझी परवानगी आहे का?" असं नको, त्याला होकाराशिवाय उत्तर देणं आपल्या घरांतल्या बाईला जड जातं. "मी गेलो तर तुला काय काय सोडावं लागेल?" असं विचारा. आणि ती सांगत असताना मध्ये बायबलचं वचन काढू नका. ही पाळकांची आणि पाळक होऊ पाहणाऱ्यांची खोड आहे.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं नाव आपल्या मंडळ्यांत आदरानं घेतात, मीही घेते; त्यांची गाणी गातच मोठी झाले. पण 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलं नव्हतं. नवरा-बायकोची ताटातूट झाली. सोवळ्यात वाढलेली ती बाई, मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिली, रडली, संतापली. पुढं ती स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडे आली आणि त्यानंतरही लगेच नाही, 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं पाचारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या पाच वर्षांचा खर्च कुणाच्या खात्यातून गेला? बँकवाले आहात, तुम्हाला ही भाषा कळेल. आणि गंमत पाहा, ख्रिस्तचरित्राचं जे मोठं काव्य टिळक अर्धवट ठेवून गेले, ते पुरं केलं ते ह्याच लक्ष्मीबाईंनी. जिला विचारायचं राहिलं होतं, काम तिच्याच हातून तडीस गेलं.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. तुम्ही बायबलमधला लूकचा नववा अध्याय काढणार. घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याला प्रभू काय म्हणाले, नांगराला हात घालून मागं बघणाऱ्याबद्दल काय म्हणाले: तो देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही. ते वचन मी साखर लावून सांगणार नाही. ते कडकच आहे आणि ते तुम्हाला लागू आहे, कारण तुम्ही बारा वर्षं मागं बघताय. पण ते तुम्हाला लागू आहे, तुमच्या आईला नाही.

नांगराचीच दुसरी गोष्ट त्याच शास्त्रात आहे, 1 राजे 19. अलीशा शेत नांगरत होता. बारा जोड्या बैल चालले होते आणि तो स्वतः बाराव्या जोडीबरोबर होता. म्हणजे घर चांगलं सधन. एलीया संदेष्टा आला, 'माझ्या मागं ये' अशी खूण म्हणून त्याच्या अंगावर आपला झगा टाकून पुढं निघाला. अलीशा म्हणाला, आईबापांचं चुंबन घेऊन येतो. आणि मग त्यानं काय केलं? आपली बैलांची जोडी कापली, नांगराच्या लाकडावर मांस शिजवलं आणि लोकांना जेवू घातलं. आमच्या शब्बाथशाळेत हे शिकवताना सगळ्यांचं लक्ष जाळावर जायचं. माझं लक्ष हिशेबावर. बारातली एक जोडी. बाकीच्या अकरा जोड्यांना त्यानं हात लावला असं शास्त्रात कुठंही नाही. बापाची शेती चालू राहिली असणार. जाळला तो स्वतःच्या हातातला नांगर.

तर बंधू, कागद घ्या आणि तुमच्या घरातल्या बारा जोड्या लिहून काढा. तुमची कुठली, पत्नीची कुठली, मुलीची कुठली, आईची कुठली. आईचं औषधपाणी आणि तिची खोली ही तुमची जोडी नाही. 'हे देवाला वाहिलं आहे' असं म्हणून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना प्रभू काय बोलले ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे, कुर्बान म्हणतात त्याला. आज रात्री काढून वाचा. मुलीचं पुढचं शिक्षण ही तिची जोडी. पत्नीची नोकरी तिची. ती राजीनामा देणार की बदली मागणार की पुण्यातच राहणार, हे ती ठरवेल. फ्लॅट विकायचा विचारसुद्धा करू नका; पाळकाच्या घरावर त्याचं नाव कधीच नसतं, आणि निवृत्तीनंतर दोन खोल्या शोधत हिंडताना आमची काय दशा झाली ते मला माहीत आहे.

मग तुमचं स्वतःचं काय उरतं? तुम्ही लिहिलं आहे फ्लॅट, गाडी, पगार. मी सांगते, हे सुटतं. पहिलं वर्ष कठीण जातं, नंतर माणूस एसटीला सरावतो. गणनाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) काकड्या, कांदे आणि लसूण आठवून रडले. तसं तुम्हालाही पुण्यातलं काहीतरी आठवेल, रडाल, मग पिठलं खाऊन झोपाल. जे सुटत नाही त्याचं नावच तुमच्या यादीत नाही. ते म्हणजे 'साहेब' असणं. तुम्ही केबिनमध्ये बसता, समोरचा उभा राहून बोलतो. सही तुमची चालते. खेड्यातल्या मंडळीत पाचवी शिकलेला खजिनदार तुम्हाला पन्नास रुपयांच्या पेट्रोलचा हिशेब विचारेल, तोही चारचौघांत, आणि तो विचारायचा त्याला हक्क आहे. रात्री अकराला दोघं भाऊ बांधावरून भांडत दारात येतील. पहिल्या पिकाच्या उपासनेनंतर देवाला वाहिलेल्या कोंबडीचा लिलाव करायला तुम्हालाच उभं करतील आणि कोंबडी सुटली तर धरायलाही तुम्हालाच. आमचे हे एम. ए. झालेले, पहिल्या वर्षी हे सगळं त्यांना अपमान वाटायचं. कोंबडी धरता यायला लागली तेव्हा कुठं त्यांचं प्रवचन लोकांना कळायला लागलं, असं माझं मत. त्यांना ते पटत नाही.

आणखी एक सुख आहे, ते सांगितलं तर तुम्हाला राग येईल. 'मला पाचारण आहे' हे बारा वर्षं मनात बाळगणं हीसुद्धा एक गादीच आहे. बँकेत कंटाळा आला, की माणूस मनात म्हणतो, माझी खरी जागा इथं नाहीच. बायकोशी खटका उडाला, की मी देवाचा माणूस, हिला कळत नाही. काही न सोडताही आपण सोडणारे आहोत असं वाटत राहतं. उज्जीवन सभेत की-बोर्डवर हळू सूर चालू असतात, दिवे मंद केलेले असतात, शेजारचा रडत असतो. तिथं उभं राहणं खोटं नसतं, पण ते स्वस्त असतं. मीही उभी राहिले आहे. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला कोण गेलं, यावरून कळतं.

म्हणजे पाप विचारलंत तर, फ्लॅट पाप नाही. बारा वर्षं एकाच जागी उभं राहणं, त्याचा विचार करा.

आता काय करायचं.

बँकांना 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, हे देवानं तुमच्यासाठीच केलंय असं समजा. ज्या मंडळीला सध्या राहता पाळक नाही अशी एखादी मंडळी धर्मप्रांताच्या (आपल्या भागातल्या चर्चांच्या) कार्यालयात विचारा. अशा मंडळ्या बऱ्याच आहेत, एकेका पाळकाकडे चार-चार गावं असतात. त्या दोन शनिवारी तिथं जा. गाडी घरी ठेवा, एसटीनं जा. रात्री तिथंच मुक्काम करा, रविवारची उपासना करून परत या. आणि सहा महिने प्रवचन करायचं नाही. मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला बोलता येतं हे तुमच्या पत्रावरून दिसतंय, आणि मॅनेजर आला म्हणताच ते तुम्हाला लगेच पुलपिटावर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) चढवतील. नम्रपणे नाही म्हणा. सतरंज्या घाला, मुलांना गाणी शिकवा, आजारी माणसाजवळ बसा. हिशेबाची वही कुणी दाखवली तर नीट करून द्या, पण मागू नका. अलीशानं नांगर जाळला खरा, पण त्याची पुढची ओळख शास्त्रात काय आहे? एलीयाच्या हातावर पाणी घालणारा, 2 राजे 3. झगा त्याच्याकडे नंतर आला.

सहा महिन्यांनी तुमच्या मनाला विचारू नका, त्या गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा: मी आलो नाही तर तुमचं काही अडेल का? त्या खरं सांगतात. आणि मधल्या काळात एकदा तरी पत्नीला बरोबर न्या, तिची इच्छा असेल तर. तिथलं न्हाणीघर तिला दाखवा. हसू नका, मला कुणी आधी दाखवलं असतं तर निदान पडदा शिवून नेला असता.

अभ्यासाचं म्हणाल तर सेमिनरीसाठी नोकरी आजच सोडायची गरज नाही. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी पूर्वी यवतमाळला होती आणि 1983 मध्ये पुण्यात आली, ती तुमच्याच शहरात आहे. जाऊन चौकशी करा. बेंगळुरूची टॅफ्टी ही संस्था 1971 पासून नोकरी-धंदा करणाऱ्यांना घरबसल्या ईश्वरविज्ञान शिकवते. दोन वर्षं रात्री जागून अभ्यास करा. झोप आवरत नसेल तर तेही कळेल. आणि पाळकाच्या दीक्षेसाठी तुमच्या धर्मप्रांतात वयाची अट काय आहे ते आत्ताच विचारून घ्या. तीन वर्षं घालवल्यावर ते कळलं तर देवाला दोष द्याल.

पैशाचं एक अगदी व्यवहाराचं. आमच्या एका मंडळीत एक बँक क्लार्क होता. सभेहून आला आणि सोमवारी एका ओळीचा राजीनामा देऊन मोकळा झाला. बँकांच्या 1995 च्या पेन्शन नियमांप्रमाणे 20 वर्षं सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शनसकट. पण साधा राजीनामा दिला तर पेन्शनसाठी मागची सेवा धरत नाहीत. त्यानं फक्त अर्जातला शब्द बदलायचा होता. 'विश्वासानं पाऊल टाकलं' म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि पुढं त्याच्या बायकोनं शिलाईमशीनवर घर चालवलं. तुमची 22 वर्षं झालीत आणि तुम्ही 2010 च्या आधी लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनवाले. तुमच्या कार्मिक विभागात बसून कागद नीट बघा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं प्रभूनंच सांगितलं आहे. त्याला अविश्वास म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. पंडिता रमाबाईंइतका विश्वास आपल्यात कुणाचा? पण त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला अमेरिकेतून दहा वर्षांपुरतीच मदत कबूल झाली होती, 1898 ला ती संपणार हे त्यांना माहीत होतं. मुदत संपायच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली होती, की उद्या शाळेला उत्पन्न असावं. प्रार्थनेला टेकलेल्या त्यांच्या गुडघ्यांइतकीच त्यांची फावडी चालत होती. पुढं दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या तेव्हा त्यांना उतरवायला ती जमीन होती.

आणि हे सगळं वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, की चला, बाईंनी थांबायला सांगितलं, तर तसं नाही. थांबायला मी तुम्हाला सांगत नाही. मुलीची बारावी झाली की मुलाची दहावी येईल, मग तिचं लग्न, मग गुडघे. म्हणून तारीख घाला. मुलीचा पुढचा प्रवेश झाल्यावर, दोन वर्षांच्या आतली एक तारीख, पत्नीबरोबर बसून, कॅलेंडरवर, पेननं. त्या तारखेला नोटीस द्यायची किंवा त्या तारखेला स्वतःशी आणि तिच्याशी कबूल करायचं की माझं पाचारण बँकेतच आहे, आणि मग परत हा विषय उगाळायचा नाही. दुसरं उत्तर कमीपणाचं नाही. कर्जाच्या अर्जात गरिबाला खेटे न घालायला लावणारा मॅनेजर, हेही मंडळीला हवंच आहे. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. त्याला कुणी अर्धा प्रेषित म्हणत नाही.

आमच्याकडची शेवटची गोष्ट सांगते. चौथ्या बदलीच्या वेळी ह्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, "जायचं का?" मी म्हटलं, "नाही." धाकट्याला तेव्हा दम्याचा त्रास होता आणि नवं गाव दवाखान्यापासून लांब. ह्यांनी धर्मप्रांताच्या साहेबांना पत्र लिहून एक वर्ष मागून घेतलं. लोक बोलले. वर्षभरानं मीच ट्रंका बाहेर काढल्या आणि त्या गावात आम्ही सगळ्यात जास्त राहिलो, सात वर्षं. तिथल्या बायका अजून मला फोन करतात, ह्यांना नाही.

येत्या दुसऱ्या शनिवारी निघणार असाल तर ओढायची चादर आणि पाण्याची बाटली न्या, दाढीचं सामान घरी राहिलं तरी चालेल. उतरल्यावर आधी चर्चचा झाडू कुठं ठेवतात ते विचारून घ्या.

पत्नीला माझा जय ख्रिस्त सांगा. तिनं स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल. पत्ता हाच.

तुमची,
पाळकीणबाई